एका डोळ्याचा हिशेब

छिन्नी जुनी झाली की घाव खाऊन तिचा माथा फुलतो. त्या फुललेल्या माथ्यावर हातोडा बसला की एखादी कपची उडते आणि थेट डोळ्यात शिरते. नवल असे, की पुष्कळदा त्या क्षणी फारसे दुखतही नाही. कामगार डोळा चोळतो, पाण्याचा हबका मारतो आणि पुन्हा कामाला लागतो; कारण दवाखान्यात जाणे म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय अविवेकी म्हणता येत नाही. त्याच्याजवळ असलेल्या माहितीपुरता तो बरोबरच असतो. अपुरी असते ती माहिती.

नेत्रगोलाचा बहुतेक भाग व्यापणारा काचद्रव हा सुमारे चार मिलिलिटर जेलीसारखा पदार्थ होय. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती तेथवर सहजी पोहोचत नाही आणि पोटात घेतलेली बहुतेक औषधेही पुरेशी उतरत नाहीत. कपचीबरोबर आत गेलेल्या जंतूंना याहून निर्वेध जागा कोणती? मातीतील बॅसिलस जातीचे जंतू तर एक-दोन दिवसांत दृष्टिपटलाचा नाश करू शकतात. ठणका, सुजलेल्या पापण्या, बुबुळाच्या पडद्यामागे साचलेला पू, मंदावणारी नजर ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा मौल्यवान तास निघून गेलेले असतात.

उपचार नाहीत असे मुळीच नाही. जखम शिवतात, कपची काढतात, व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्टाझिडिम ही प्रतिजैविके सुईने थेट काचद्रवात सोडतात. तेवढ्याने भागले नाही, तर दूषित काचद्रवच काढून टाकावा लागतो. एके काळी काचद्रवाला हात लावणे शस्त्रवैद्य निषिद्ध मानीत. १९७० साली अमेरिकेत मायामी येथे रॉबर्ट माखेमर यांनी बारीक छिद्रातून तो कापून ओढून घेणारे आणि त्याच वेळी आत द्रव सोडून डोळ्याचा आकार टिकवणारे उपकरण वापरले, तेव्हा हा दंडक मोडला. मात्र हे यंत्र आणि ते चालवणारा तज्ज्ञ दोन्ही प्रायः मोठ्या शहरांत. खेड्यातल्या रुग्णाला उपचाराच्या खर्चाआधी अंतराची किंमत मोजावी लागते.

गेलेल्या डोळ्याचे मोल समाजाने कसे केले, तेही पाहावे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात, दुसरा डोळा चांगला असताना एका डोळ्याची दृष्टी गेल्यास कमाईच्या क्षमतेची हानी ३० टक्के धरली होती; डोळाच गेला तर ४०. अपंगांच्या हक्कांविषयीचा २०१६ चा कायदा अंधत्व ठरवतो ते अधिक चांगल्या डोळ्यावरून. म्हणजे एक डोळा गमावलेला सुतार वा वेल्डर अंधांच्या गणतीत येत नाही. अंदाज चुकणाऱ्या हाताने तो आपले काम चालूच ठेवतो.

१९४८ च्या कारखाने कायद्याने उडणाऱ्या कणांपासून डोळ्यांच्या रक्षणाची तरतूद केली होती. पण गल्लीतल्या चार माणसांच्या वर्कशॉपला तो कायदा सहसा लागूच नव्हता. अशा ठिकाणी मालकाने गॉगल तर द्यावाच. शिवाय डोळ्यात काही उडाले, तर डोळा न चोळता, न धुता, कसलेही थेंब वा मध न घालता, दाब पडणार नाही अशा बेताने कागदी पेल्याने झाकून माणसाला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे धाडावे, आणि त्या दिवसाची मजुरी कापू नये.