संकलित मंडलातील शक्तिविवर्धक

‘विवर्धक’ या संज्ञेचा शब्दार्थ ‘वाढविणारा’ असा होतो. परंतु तो काहीसा फसवा आहे. बिनतारी प्रेषकातील शक्तिविवर्धक मूळ क्षीण संकेत फुगवीत नाही. तो विद्युत्घटातून शक्ती घेतो आणि तिला त्या संकेताचा आकार देतो. जी शक्ती हा आकार घेत नाही, ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून त्याच्या रचनेत किती वाढले यापेक्षा किती वाया गेले, हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

भीमा व नीरा यांच्या दरम्यान वसलेल्या इंदापूर तालुक्यातील वरकुटे येथे उसाच्या शेतात ओलावा मोजणारे बिनतारी उपकरण बसवावयाचे आहे, असे समजू. आडसाली उसाबरोबर ते सुमारे दीड वर्ष एकाच घटावर टिकले पाहिजे. उंच, रसरशीत ऊस रेडिओ लहरी शोषतो. तेव्हा प्रेषण अगदी दुबळे असूनही भागत नाही. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ साली परवान्यावाचून खुला झाला, तेव्हा प्रेषकशक्तीची मर्यादा १ वॅट ठरली.

मग संपूर्ण १ वॅट का योजू नये? चिपवरील अतिसूक्ष्म ट्रँझिस्टरांना अधिक विद्युत्दाब सोसत नाही. दाबाच्या वर्गाला रोधाच्या दुपटीने भागले असता शक्ती मिळते. या हिशेबाने १.२ व्होल्टवर १ वॅट मिळविण्यास भार अवघा ०.७२ ओहम लागतो. आकाशकाचा रोध मात्र सामान्यतः ५० ओहम असतो. ही तफावत भरून काढणारी वेटोळी चिपवर पातळ धातूची असल्याने बरीच शक्ती त्यांतच जिरते. ३.३ व्होल्टचा पुरवठा सोसणारे ट्रँझिस्टर घेऊन ०.१ वॅटवर समाधान मानले, तर भार सुमारे ५४ ओहम येतो आणि तफावत जवळजवळ मिटते.

दुसरा विचार कार्यपद्धतीचा. ‘अ’ वर्गाच्या विवर्धकाची कमाल कार्यक्षमता ५० टक्के, तर ‘ब’ वर्गाची ७८.५ टक्के असते. नेथन व ॲलन सोकल यांनी १९७५ साली मांडलेल्या ‘ई’ वर्गात ट्रँझिस्टर केवळ उघडझाप करतो. त्यामुळे सिद्धान्ततः काहीच वाया जात नाही. मात्र त्यावरील दाब पुरवठ्याच्या सुमारे साडेतीनपट होतो, आणि ज्या संकेताची उंची बदलते तो विकृत होतो. मोबाइलच्या चौथ्या पिढीचा संकेत असाच असल्याने तेथे ही पद्धत सरळ चालत नाही. ‘लोरा’ पद्धतीत उंची स्थिर राहते व माहिती कंप्रतेच्या बदलातून जाते. तेथे ती शोभते.

कार्यक्षमता २५ वरून ५० टक्क्यांवर गेली, तर ०.१ वॅटच्या प्रेषणासाठी घटातून ०.४ ऐवजी ०.२ वॅट खर्च होतात. प्रेषणापुरते पाहता, तोच घट शेतातून दुप्पट संदेश धाडतो.