शांतता बोलणाऱ्याची, की हरवलेल्या पॅकेटांची?

धारवाडहून बेळगावकडे जाणाऱ्या महामार्गालगत, बेलूर औद्योगिक वसाहतीच्या परिसरात कर्नाटक उच्च न्यायालयाचे धारवाड खंडपीठ आहे. गोव्याला लागून असलेल्या बेळगाव व कारवारकडची अपिले तेथेच चालतात. अशा न्यायालयांपुढे ध्वनिफितीऐवजी इंटरनेट दूरध्वनीची, जाळ्यातून टिपलेली नोंद आली, तर ती वाचायची कशी? त्या फाइलमध्ये आवाज आयता नसतो. तो जुळवावा लागतो.

कार्यालयीन इंटरनेट दूरध्वनीत सर्रास वापरली जाणारी 'जी.711' ही पद्धत आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घेते. त्यांचे साधारणतः 20 मिलिसेकंदांचे, 160 बाइटांचे तुकडे होतात. म्हणजे प्रत्येक दिशेने सेकंदाला 50 पॅकेटे. प्रत्येकावर क्रमांक आणि कालखूण असते. 'वायरशार्क' हे विनामूल्य सॉफ्टवेअर ही पॅकेटे क्रमाने लावून संभाषण ऐकवते. दोन्ही बाजूंचे आवाज वेगळे प्रवाह म्हणून येतात, ही तपासाच्या दृष्टीने मोठीच सोय.

खरी गोम शांततेत आहे. काही यंत्रे बोलणारा थांबला की पॅकेटे पाठवणेच थांबवतात. अशा वेळी क्रमांक सलग राहतात, कालखूण मात्र पुढे उडी घेते. म्हणजे माणूस खरोखर गप्प होता. क्रमांकच तुटले असतील, तर शब्द हरवले आहेत. ऐकताना दोन्ही ठिकाणी सारखीच पोकळी भासते. शिवाय पॅकेट टिपणाऱ्या यंत्रातून निसटले, पण पलीकडच्या श्रोत्यापर्यंत पोहोचले, असेही घडते. उशिरा आलेल्या पॅकेटांसाठी किती थांबायचे, हे वायरशार्कमध्ये ऐकणाराच ठरवतो. ती मर्यादा बदलली की तीच फाइल निराळी ऐकू येते. 'हो' आणि 'नाही' यांच्यामधली पोकळी कशाची, हे म्हणूनच केवळ कानाने ठरत नाही.

हे सारे कूटबद्ध नसलेल्या संभाषणापुरते. व्हॉट्सॲपच्या कॉलची पॅकेटे टिपली, तरी किल्लीवाचून त्यातून आवाज निघत नाही. अनेक कार्यालयांतील अंतर्गत दूरध्वनी मात्र आजही उघडेच चालतात, आणि जाळ्याच्या नाक्यावर बसलेल्या कोणालाही ते ऐकता येतात. तसे विनापरवाना ऐकणे गुन्हा आहे, हे वेगळे.

पुराव्याबाबत मराठवाड्याचेच उदाहरण आहे. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी निर्णय दिला: मूळ साधन हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्यही नोंदवावे लागते. त्यावरून फाइल नंतर बदललेली नाही, एवढे कळते. टिपताना काय निसटले, ते मात्र तुटलेले क्रमांकच सांगतात. म्हणून न्यायालयात केवळ काढलेला आवाज नव्हे, तर मूळ पॅकेटांची फाइल मागून घेणे बचाव पक्षाच्या हिताचे ठरते.