दाबाचा काटा, वजनाचा काटा

मे महिन्यात गाडीचा एसी गार हवा देईनासा झाला की पहिलं निदान ठरलेलं असतं: 'गॅस संपलाय.' हल्ली हा गॅस छोट्या डब्यात ऑनलाइन मिळतो. डब्याला नळी, नळीवर गेज, गेजवर हिरवा पट्टा. काटा हिरव्यात आला की काम झालं, अशी समजूत असते. घरच्या घरी गॅस भरणारे फसतात ते याच काट्यापाशी.

मुळात हा गॅस संपत नाही. पेट्रोलसारखा तो जळत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून द्रव होतो, मग व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून सुटतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळताना हवेतली उष्णता ओढून घेतो. तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. रबरी नळ्यांतून थोडाफार झिरपतो, हे खरं. पण एका उन्हाळ्यात एसी बसला, तर कुठेतरी गळती आहे.

आता काट्याकडे येऊ. बहुतेक गाड्यांत असणारा आर-134ए हा वायू मोकळ्या हवेत उणे 26 अंशांनाच उकळतो. बंद नळ्यांत द्रव आणि वाफ एकत्र असली, की दाब ठरतो फक्त तापमानावर. 30 अंशांना, एसी बंद असताना, गेजवर सुमारे 97 पीएसआय दिसतील. आत 500 ग्रॅम गॅस असो की 250, द्रवाचा थेंब शिल्लक आहे तोवर काटा तिथेच. घरचा सिलिंडर आपण वजन करूनच घेतो ना, तसंच हे. एसी चालू असताना काटा हलतो, पण तो बाहेरचं ऊन, पंखा, इंजिनाचा वेग या सगळ्यांनी हलतो.

गॅस जास्त झाला तर आणखी पंचाईत. जादा द्रव कंडेन्सरमधली जागा अडवतो, दाब चढतो, गारवा उलट कमी होतो. मग माणूस कमीच पडला समजून आणखी भरतो, आणि शेवटी द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरून तो निकामी होऊ शकतो.

डबा वजनकाट्यावर ठेवून भरला तरी आत आधी किती होता ते कळत नाही. म्हणून चांगल्या गॅरेजमध्ये उरलेला गॅस मशीनने काढून घेतात, व्हॅक्यूम लावतात आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले ग्रॅम मोजून भरतात. व्हॅक्यूममध्ये साध्या तापमानालाही पाणी उकळतं, त्यामुळे आतली ओल निघून जाते. ती राहिली तर व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो, तेलात आम्ल तयार होतं.

गळणारी गाडी नुसती भरत राहणं मला मनापासून खटकतं. या वायूचा तापवण्याचा गुण कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त आहे. 400 ग्रॅम हवेत गेला, तर तो 400 किलो कार्बन डायऑक्साइडलाही भारी पडतो. युरोपात 2017पासून नव्या मोटारींत तो चालत नाही. त्याची जागा घेणारा आर-1234वायएफ थोडा ज्वलनशील आहे. दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत.

तरीही घरी भरायचाच असेल, तर चष्मा आणि हातमोजे घाला, आणि डबा फक्त जाड नळीवरच्या, कमी दाबाच्या तोंडाला लावा. जास्त दाबाच्या बाजूला लावला तर तो फुटू शकतो.

त्याआधी मात्र बॉनेट उघडून नळ्यांचे जोड नीट बघा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो आणि धूळ बसून त्याची काळी खपली होते. आमच्या गाडीत ती कंडेन्सरच्या जोडावर सापडली. आत रबराची कडक झालेली, अंगठीएवढी ओ-रिंग होती.