वर्धा जिल्ह्यातील कुष्ठरोग नियंत्रण कार्य

वर्धा जिल्ह्यातील कुष्ठरोग नियंत्रण कार्य म्हणजे महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील वर्धा जिल्ह्यात १९३६ पासून चालत आलेले कुष्ठसेवेचे, उपचारांचे व सार्वजनिक आरोग्यविषयक संशोधनाचे कार्य होय. दत्तपूर येथील कुष्ठधामापासून या कार्याचा आरंभ झाला. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने रुग्णांना वसाहतीत एकत्र ठेवण्याऐवजी गावोगावी जाऊन त्यांचा शोध घेण्याची व घरीच उपचार देण्याची पद्धती विकसित केली. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या तीन अंगांची ही पद्धती पुढे भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा पाया ठरली. १९८० च्या दशकाच्या आरंभी बहुविध औषधोपचार पद्धती देशात ज्या जिल्ह्यांत सर्वप्रथम राबवण्यात आली, त्यांमध्येही वर्धा जिल्ह्याचा समावेश होता.

रोगाचे स्वरूप

कुष्ठरोग हा मायकोबॅक्टेरियम लेप्री या जीवाणूमुळे होणारा दीर्घकालीन संसर्गजन्य रोग आहे. नॉर्वेतील वैद्य गेऱ्हार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्ये या जीवाणूचा शोध लावला. म्हणून या रोगास हॅन्सनचा रोग असेही म्हणतात. मराठीत पूर्वी 'महारोग' हा शब्द रूढ होता. त्याला चिकटलेल्या तिरस्कारामुळे आता 'कुष्ठरोग' हाच शब्द वापरला जातो.

हा रोग प्रामुख्याने त्वचा आणि परिघीय चेतातंतूंवर परिणाम करतो. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा उमटणे व त्या जागी संवेदना कमी होणे हे त्याचे प्रमुख लक्षण होय. चट्टा दुखत नाही आणि त्याला खाजही येत नाही, त्यामुळे रुग्ण त्याकडे दुर्लक्ष करतो. चेतातंतूंना इजा झाल्यास हातापायांना बधिरता येते. बधिर हाताला चूल किंवा गरम भांड्याचा चटका जाणवत नाही, तसेच पायात काटा रुतल्याचेही कळत नाही. अशा जखमा चिघळून बोटे आखडतात किंवा झिजतात. कुष्ठरोगात बोटे 'गळून पडतात' हा समज चुकीचा आहे. ही हानी बधिरतेमुळे झालेल्या दुखापतींची असते आणि वेळेवर उपचार झाल्यास ती टाळता येते.

संसर्ग मुख्यतः उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या श्वसनमार्गातून बाहेर पडणाऱ्या तुषारांद्वारे, दीर्घकाळच्या निकट सहवासात होतो, असे मानले जाते. बहुसंख्य लोकांमध्ये या जीवाणूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. जीवाणूची वाढ अत्यंत मंद असल्याने संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, तर काही वेळा वीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो. हा जीवाणू प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमात वाढवता येत नाही, त्यामुळे औषधांच्या संशोधनात मोठ्या अडचणी आल्या. या मंदगतीमुळेच कुष्ठरोग नियंत्रणाचे यश काही महिन्यांत मोजता येत नाही; त्यासाठी दशकांचे सातत्य लागते.

इतिहास

दत्तपूर कुष्ठधाम

१९३० च्या दशकात मध्य प्रांतातील अनेक खेड्यांत कुष्ठरुग्ण आढळत. विनोबा भावे यांच्या आश्रमातील कार्यकर्ते वर्ध्याच्या आसपासच्या गावांत फिरत असताना त्यांना या रुग्णांची स्थिती दिसून आली. त्यांपैकी मनोहर दिवाण यांनी कुष्ठसेवा हेच आपले जीवितकार्य मानले आणि विनोबांच्या पाठिंब्याने १९३६ मध्ये वर्धा शहराजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. दिवाण हे वैद्यकीय पदवीधर नव्हते. उपचारांचे ज्ञान त्यांनी पुढे मिळवले. त्या काळी रोग बरा करणारे खात्रीचे औषध उपलब्ध नव्हते आणि चालमोगरा तेलाची टोचणी हाच प्रचलित उपचार होता. कुष्ठधामात उपचारांबरोबर शेती, सूतकताई यांसारख्या श्रमांना स्थान देण्यात आले. भिक्षेवर जगणाऱ्या रुग्णाला स्वावलंबी करणे हा त्यामागील हेतू होता.

सेवाग्राम आश्रम आणि परचुरे शास्त्री

महात्मा गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळील शेगाव येथे राहावयास गेले. हेच गाव पुढे सेवाग्राम म्हणून ओळखले जाऊ लागले. येरवडा तुरुंगात त्यांच्या परिचयाचे झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने ग्रस्त होऊन १९३९ मध्ये आश्रमात आले. गांधींनी त्यांना आश्रमातच ठेवून घेतले, आपल्या निवासाजवळ त्यांच्यासाठी कुटी बांधून दिली आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. ही कुटी 'परचुरे कुटी' या नावाने आजही आश्रम परिसरात आहे. शास्त्रींचा अखेरचा काळ दत्तपूर येथे गेला. रुग्णाला गावाबाहेर काढण्याची प्रथा सर्वमान्य असण्याच्या काळात ही घटना कुष्ठसेवेकडे पाहण्याच्या दृष्टीत बदल घडवणारी ठरली. गांधींनी आपल्या रचनात्मक कार्यक्रमातही कुष्ठसेवेचा समावेश केला.

याच जिल्ह्यातील हिंगणघाट येथे १९१४ मध्ये जन्मलेले बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा येथे आनंदवनाची स्थापना केली.

गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान

गांधींच्या स्मृत्यर्थ उभारण्यात आलेल्या गांधी स्मारक निधीतून १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. संस्थेचे मुख्यालय वर्धा येथील हिंदीनगर भागात आहे. डॉ. आर. व्ही. वारदेकर हे तिचे संस्थापक संचालक होते.

त्याआधी १९४० च्या दशकात डॅप्सोन व तत्सम सल्फोन औषधांची परिणामकारकता सिद्ध झाली होती. डॅप्सोन स्वस्त असून गोळीच्या रूपात घेता येत असे. त्यामुळे एक नवा प्रश्न उभा राहिला: गोळी घरी घेता येत असेल, तर रुग्णाला वसाहतीत ठेवण्याची गरज काय? वसाहतींची क्षमता मर्यादित होती. शिवाय वसाहतीत येणारे बहुतेक रुग्ण विकृती उघड झाल्यावरच येत आणि तोपर्यंत त्यांच्याकडून इतरांना संसर्ग होऊन गेलेला असे. गावातील पहिल्या चट्ट्यापर्यंत पोहोचल्याशिवाय रोगाचा प्रसार थांबणार नव्हता.

सर्वेक्षण–शिक्षण–उपचार पद्धती

या विचारातून प्रतिष्ठानाने आखलेली पद्धती तिच्या तीन अंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सेट' पद्धती या नावाने ओळखली जाते.

सर्वेक्षण: प्रशिक्षित निमवैद्यकीय कर्मचारी ठरवून दिलेल्या गावांतील प्रत्येक घरी जाऊन कुटुंबातील सर्व व्यक्तींची त्वचा व चेतातंतू तपासत. रुग्णांच्या सहवासातील व्यक्ती आणि शाळकरी मुले यांच्या तपासणीवर विशेष भर असे.

शिक्षण: रोग जीवाणूमुळे होतो, तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नाही आणि तो बरा होऊ शकतो, हे रुग्ण, कुटुंबीय व गावकरी यांना समजावून सांगितले जाई. या अंगावाचून सर्वेक्षण निष्फळ ठरे, कारण बहिष्काराच्या भीतीने लोक, विशेषतः स्त्रिया, चट्टे लपवत असत.

उपचार: आढळलेल्या रुग्णाला गावातच किंवा जवळच्या केंद्रावर नियमित औषध दिले जाई. डॅप्सोनचा उपचार अनेक वर्षे चालत असल्याने रुग्णाने तो मध्येच सोडू नये यासाठी पाठपुरावा करावा लागे.

भारत सरकारने १९५५ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि त्यात या पद्धतीचा स्वीकार केला. सुमारे २० ते २५ हजार लोकसंख्येमागे एक निमवैद्यकीय कर्मचारी अशी रचना त्यातून देशभर उभी राहिली. प्रतिष्ठानाने या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणातही भाग घेतला. वारदेकर यांनी निरोगी व्यक्तींना डॅप्सोन देऊन रोग टाळता येईल का, याचाही अभ्यास केला. औषधाद्वारे प्रतिबंध ही कल्पना अनेक दशकांनंतर वेगळ्या औषधाच्या साहाय्याने राष्ट्रीय कार्यक्रमात आली.

बहुविध औषधोपचार

केवळ डॅप्सोनवर अवलंबून राहण्याचे धोके १९६० च्या दशकात स्पष्ट होऊ लागले. १९६४ मध्ये डॅप्सोनला दाद न देणारे जीवाणू प्रथमच प्रयोगाने सिद्ध झाले. अनियमित उपचारांमुळे असा प्रतिरोध वाढत गेला. यावर उपाय म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये रिफॅम्पिसीन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन ही औषधे एकत्रितपणे देण्याची शिफारस केली. कमी जीवाणू असलेल्या रुग्णांस सहा महिने, तर अधिक जीवाणू असलेल्यांस आरंभी दोन वर्षे व पुढे एक वर्ष असा उपचाराचा कालावधी ठरला. रिफॅम्पिसीनच्या पहिल्या मात्रेनंतर अल्पावधीतच रुग्णाची संसर्गक्षमता जवळजवळ संपुष्टात येते.

भारतात ही पद्धती प्रथम राबवण्यासाठी रोगाचे प्रमाण अधिक असलेले जिल्हे निवडण्यात आले. महाराष्ट्रातील वर्धा व पश्चिम बंगालमधील पुरुलिया हे त्यांत अग्रणी होते. सर्वेक्षणाची सवय आणि प्रशिक्षित कर्मचारी जिल्ह्यात आधीपासून असणे येथे उपयोगी पडले. महिन्यातील पहिली मात्रा कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली व उरलेली औषधे घरी, ही पद्धती गावपातळीवर शक्य असल्याचे अशा जिल्ह्यांत दिसून आले. १९८३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमाचे नाव 'राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम' असे झाले आणि बहुविध औषधोपचार टप्प्याटप्प्याने सर्व जिल्ह्यांत पोहोचला.

बालकांमधील कुष्ठरोग

पंधरा वर्षांखालील मुलांमध्ये आढळणाऱ्या नव्या रुग्णांना रोगशास्त्रात विशेष महत्त्व आहे. प्रौढ व्यक्तीचा चट्टा वीस वर्षांपूर्वीच्या संसर्गाचा असू शकतो. पण सहा वर्षांच्या मुलाला झालेला संसर्ग अलीकडचाच असतो आणि त्याचा स्रोत बहुधा घरात किंवा शेजारी असतो. म्हणून बालरुग्ण आढळणे म्हणजे त्या वस्तीत रोगाचा प्रसार चालू असल्याचे लक्षण मानले जाते. मुलाच्या शरीरावर विकृती दिसणे हे तर निदानास विलंब झाल्याचे द्योतक होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६–२०२० या कालावधीच्या धोरणात बालरुग्णांमधील दृश्य विकृती शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट याच कारणाने ठेवण्यात आले होते.

लहान मुलांमध्ये निदान करणे कठीण असते. संवेदना तपासताना लहान मूल विश्वासार्ह उत्तर देत नाही. तसेच कुष्ठरोगाचा फिकट चट्टा नायटा, शिबे किंवा कुपोषणाने पडणाऱ्या डागांसारखा दिसू शकतो. जन्मानंतर दिल्या जाणाऱ्या बीसीजी लसीमुळे कुष्ठरोगापासूनही काही अंशी संरक्षण मिळते.

'दूरीकरण' आणि त्याचा अर्थ

राष्ट्रीय कार्यक्रमाच्या आकडेवारीनुसार १९८३ मध्ये देशात दर १० हजार लोकसंख्येमागे सुमारे ५७ रुग्ण होते. डिसेंबर २००५ मध्ये हे प्रमाण एकाहून कमी झाले आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे राष्ट्रीय पातळीवर दूरीकरण झाल्याचे घोषित करण्यात आले.

या आकड्यांचा अर्थ लावताना दोन बाबी लक्षात घेतल्या जातात. पहिली, हे प्रमाण उपचार चालू असलेल्या रुग्णांचे आहे. पूर्वी अनेक वर्षे नोंदवहीत राहणारा रुग्ण आता सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पूर्ण करून नोंदीतून वगळला जातो. त्यामुळे घटीचा काही भाग उपचारांचा कालावधी कमी झाल्याचा आहे. दुसरी, दूरीकरण म्हणजे रोगाचा समूळ नाश नव्हे. भारतात अजूनही दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण नोंदवले जातात आणि जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात असतात. पूर्व विदर्भ हा महाराष्ट्रातील अधिक प्रादुर्भावाचा भाग मानला जातो.

कुष्ठरोगासाठीची स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाल्यावर उपचार प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळू लागले. मात्र घरोघरचे नियमित सर्वेक्षण मागे पडले. रुग्णाने स्वतःहून यावे अशी अपेक्षा ठेवल्यास न दुखणारा चट्टा दुर्लक्षित राहतो, हा 'सेट' पद्धतीमागील मूळ युक्तिवाद या टप्प्यावर पुन्हा पुढे आला. २०१६ पासून देशातील अधिक प्रादुर्भावाच्या जिल्ह्यांत पुन्हा घरोघरी जाऊन कुष्ठरुग्ण शोध अभियान राबवण्यास सुरुवात झाली.

सद्यस्थितीतील उपाययोजना

जिल्हा पातळीवर हा कार्यक्रम सहायक संचालक, आरोग्य सेवा (कुष्ठरोग) यांच्या कार्यालयामार्फत चालतो. आशा स्वयंसेविका व आरोग्य कर्मचारी संशयित रुग्ण शोधतात आणि निदान वैद्यकीय अधिकारी करतात. नव्या रुग्णाच्या सहवासातील पात्र व्यक्तींना रिफॅम्पिसीनची एक मात्रा दिली जाते. बांगलादेशात झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या मात्रेमुळे पहिल्या दोन वर्षांत सहवासितांमधील नव्या रुग्णांचे प्रमाण ५७ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले होते. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि क्षयरोगाचे संशयित यांना ही मात्रा दिली जात नाही.

बधिर पाय असलेल्या रुग्णांना मऊ तळव्याची एमसीआर पादत्राणे दिली जातात, तसेच हातपाय रोज पाण्यात भिजवून तेल लावण्याची व जखमा तपासण्याची सवय शिकवली जाते. विकृती दुरुस्त करण्यासाठी शस्त्रक्रिया उपलब्ध आहेत. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्राम येथे स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रत्येक तुकडीचे विद्यार्थी एक गाव दत्तक घेऊन तेथील कुटुंबांच्या आरोग्याचा पाठपुरावा करतात. ग्रामीण समुदायात जाऊन वैद्यक शिकण्याच्या जिल्ह्यातील परंपरेचा तो एक भाग आहे.

कायदा व सामाजिक स्थिती

रुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद असलेला १८९८ चा कुष्ठरोगी कायदा २०१६ मध्ये केंद्रीय पातळीवर रद्द करण्यात आला. २०१९ च्या वैयक्तिक कायदे सुधारणा अधिनियमाने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वगळले. प्रभावी औषध उपलब्ध झाल्यानंतर हे बदल होण्यास अनेक दशके लागली. महात्मा गांधींची पुण्यतिथी, ३० जानेवारी, हा दिवस भारतात कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळला जातो. २०१७ पासून या दिवशी 'स्पर्श' जनजागृती अभियानाचा आरंभ होतो आणि ग्रामसभांमधून रोगाविषयीचे गैरसमज दूर करण्याचा प्रयत्न केला जातो.

हे सुद्धा पहा

कुष्ठरोग
सेवाग्राम
विनोबा भावे
बाबा आमटे
आनंदवन
वर्धा जिल्हा