‘बिघडलेले’ बियाणे आणि क्वार्टरची बाग

भिलाईत ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा उलटला की सकाळच्या हवेतील दमटपणा ओसरतो आणि इस्पातनगरीतील क्वार्टरांच्या अंगणांत हिवाळी फुलांचे वाफे तयार होऊ लागतात. बहुतेक घरी आता रोपवाटिकेतून काळ्या पिशवीतील तयार रोपे येतात. काही घरी मात्र अजूनही कपाटातून बिस्किटांचा जुना डबा बाहेर निघतो. त्यात वर्तमानपत्राच्या पुड्या, औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि त्यांवर पेनाने लिहिलेली नावे असतात : झिनिया, झेंडू, तेरडा, कॉसमॉस, लार्कस्पर. हा डबा सांभाळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. पाकिटातून आणलेल्या झिनियाला पहिल्या वर्षी डेलियासारखी भरगच्च फुले आली. त्याच झाडांचे बी धरले, तर पुढच्या एकदोन पिढ्यांत बऱ्याच झाडांना एकेरी, मध्यभागी पिवळी टिकली असलेली फुले येऊ लागली. ‘बी बिघडले’ असे म्हणून ती पुडी टाकून दिली जाते. कीटकशास्त्राच्या बाजूने पाहिले तर हा निवाडा घाईचा आहे.

भिलाईचा कारखाना २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून उभा राहिला आणि त्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली. मुंबई–हावडा लोहमार्गाने विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. सेक्टरांत विभागलेल्या या वसाहतीत तळमजल्याच्या घरांना थोडेफार अंगण मिळाले. त्या अंगणात एका बाजूला वांगी, टोमॅटो, दुधी आणि दुसऱ्या बाजूला फुलांचा पट्टा, अशी मांडणी सर्रास दिसते. छत्तीसगडातील गावांत घराजवळच्या अशा जागेस ‘बाडी’ म्हणतात, आणि तेथेही भाजी व फुले शेजारीशेजारीच असतात. झेंडूला छत्तीसगडीत ‘गोंदा’ हा शब्द आहे. दुर्ग जिल्ह्यातील बघेरा येथे दाऊ रामचंद्र देशमुख यांनी १९७१ साली उभ्या केलेल्या लोककलामंचाचे ‘चंदैनी गोंदा’ हे नावही याच फुलावरून आलेले आहे.

क्वार्टर नोकरीबरोबर मिळते आणि निवृत्तीनंतर बहुधा सोडावे लागते. पेरू, जास्वंद, गुलाब मागे राहतात. बरोबर नेता येण्याजोगा बागेचा भाग म्हणजे त्या डब्यातील बी. पुडी ‘बिघडली’ म्हणून फेकली गेली, की वीस-पंचवीस वर्षे त्याच अंगणातील ऊन, माती आणि रोग सोसून टिकलेली बियाण्याची ओळ तेथेच संपते.

आता फुलाच्या रचनेकडे वळू. झिनिया, झेंडू, कॉसमॉस, सूर्यफूल यांचे ‘फूल’ हे खरे तर अनेक बारीक फुलांचा गुच्छ, म्हणजे स्तबक होय. कडेला पाकळीसारखी दिसणारी किरणपुष्पके आणि मध्यभागी नळीसारखी बिंबपुष्पके असतात. झिनियाच्या किरणपुष्पकांत पुंकेसर नसतात. पराग मिळतो तो मधल्या बिंबपुष्पकांतून, आणि मधही मुख्यतः तेथेच. भरगच्च किंवा दुहेरी फूल तयार होते म्हणजे बिंबपुष्पकांची जागा किरणपुष्पके घेतात. माणसाला पाकळ्या वाढल्याचा आनंद होतो. मधमाशीच्या दृष्टीने मात्र ताटच रिकामे झालेले असते. एकेरी फुलातील जी पिवळी टिकली बिघाडाची खूण मानली जाते, तीच कीटकांचे अन्न आहे.

केंब्रिज येथील सारा कॉर्बेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अॅनल्स ऑफ बॉटनी’ या नियतकालिकात १९९९ आणि २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत बागेतील फुलांचे साधे आणि सुधारलेले प्रकार शेजारीशेजारी लावून तपासले. अनेक दुहेरी प्रकारांत मध कमी भरला किंवा तो कीटकांच्या आवाक्याबाहेर गेलेला आढळला. सर्वच फुलांना हा नियम सारखा लागू पडला नाही, हेही त्याच अभ्यासांतून दिसते. म्हणून दुहेरी फूल दिसले की ते निरुपयोगी, असा उलटा हट्टही धरू नये. लार्कस्परचे उदाहरण बोलके आहे. त्याचा मध फुलामागील शेपटीसारख्या नळीत असतो आणि काही दुहेरी प्रकारांत ती नळीच नाहीशी होते.

याचा वांग्याशी काय संबंध, असा प्रश्न येथे पडू शकतो. संबंध थेट आहे. वांगी आणि टोमॅटो यांच्या परागकोशांच्या टोकाला बारीक छिद्रे किंवा चिरा असतात. पराग मिठाच्या कुपीतून मीठ झटकावे तसे झटकून काढावे लागतात. सातेरी किंवा आग्या मधमाशीला ते साधत नाही. मोठा काळा भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची ॲमेजिला ही एकाकी माशी फुलाला धरून छातीचे स्नायू थरथरवतात, त्या कंपनाने पराग खाली पडतात. ही झाडे वाऱ्यानेही काही प्रमाणात फळतात, परंतु कंपन देणाऱ्या माश्यांच्या भेटींनी फळधारणा सुधारते. अडचण अशी की वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलांत मध नसतो. पराग गोळा करणाऱ्या या माश्यांना उडण्यासाठी लागणारी साखर दुसरीकडून मिळवावी लागते. तेरड्याच्या फुलामागील बाकदार नळीत ॲमेजिलाची लांब जीभ सहज पोहोचते. तुळशीच्या मंजिऱ्यांवरही ती हमखास दिसते. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असे आपण म्हणतो खरे, पण एका झाडावर रोज नवी फुले उमलत राहतात आणि वाफ्यातील खानावळ कित्येक आठवडे उघडी असते.

लहान जिभेच्या कीटकांची गरज निराळी आहे. सिरफिड माशीच्या अळ्या मावा खातात. प्रौढ माशी मात्र मध आणि परागांवर जगते आणि तिला उघडी, उथळ फुले लागतात. अळ्यांवर अंडी घालणाऱ्या बारीक परोपजीवी गांधीलमाश्यांचेही तसेच. साखर न मिळाल्यास त्यांचे आयुष्य काही दिवसांतच संपते आणि अंडी घालण्याचे काम अपुरे राहते. हिवाळी वाफ्याच्या कडेला ॲलिसम पेरावे. ते जमत नसेल तर कोथिंबिरीच्या आणि शेपूच्या चार झाडांना फुलावर येऊ द्यावे. शोभेला थोडे कमी पडेल, पण वाटाण्यावरील मावा आटोक्यात ठेवण्यास हातभार लागेल.

झेंडूविषयी मात्र समजुती फार आहेत आणि त्यांतील काही तपासून घेणे बरे. उंच आफ्रिकन झेंडू हे टोमॅटोवरील फळ पोखरणाऱ्या अळीसाठी सापळा पीक म्हणून उपयोगी आहे. शेतासाठीची शिफारस टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची १ ओळ अशी असून लागणीच्या वेळी झेंडूचे रोप सुमारे ४५ दिवसांचे व टोमॅटोचे २५ दिवसांचे असावे लागते, जेणेकरून दोन्ही पिके एकाच वेळी फुलावर येतील. पतंग झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालतो. त्या कळ्या वेळोवेळी खुडून नष्ट केल्या नाहीत, तर सापळ्याचे पाळणाघर होते. अंगणात हौसेने लावलेल्या चार झेंडूंनी शेजारच्या टोमॅटोचे आपोआप रक्षण होते, हे खरे नव्हे.

सूत्रकृमींच्या बाबतीत झेंडूची ख्याती रास्त आहे. त्याच्या मुळांतील अल्फा-टर्थिएनिल हे द्रव्य मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना मारक ठरते. परंतु हे काम जिवंत, वाढती मुळे करतात. त्यासाठी वाफ्यात झेंडू दाट लावून दोन-अडीच महिने वाढू द्यावा लागतो. देवाचे निर्माल्य मातीत मिसळून तो परिणाम मिळत नाही. याउलट तेरडा आणि कोंबडा या सूत्रकृमींना सहज बळी पडतात. तेरडा उपटताना मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या, तर त्या जागी पुढच्या हंगामात वांगी किंवा टोमॅटो लावू नयेत. तेथे झेंडू लावावा आणि ती मुळे खतखड्ड्यात न टाकता वाळवून जाळावीत.

पेरणीचे गणित भिलाईच्या हवामानाने ठरवून दिले आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, जून ते सप्टेंबर पावसाचे आणि डिसेंबर-जानेवारी हा छोटा, कोरडा हिवाळा. दसऱ्याच्या झेंडूचे बी जुलैत पडले पाहिजे. तेरडा, कोंबडा, झिनिया पावसाच्या सुरुवातीला थेट जागेवर पेरता येतात. गुलाबी-पांढऱ्या कॉसमॉसला जूनमध्ये पेरण्याची घाई करू नये. दिवस लहान होऊ लागेपर्यंत ते नुसतेच उंच वाढते आणि पहिल्या वादळी सरीत आडवे होते. पिवळा-नारिंगी कॉसमॉस उकाडा चांगला सोसतो. फ्लॉक्स, पिटुनिया, डायंथस ऑक्टोबरच्या सुरुवातीला गादीवाफ्यावर टाकावेत. पिटुनियाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार बिया भरतात. हे बी बारीक वाळूत मिसळून वर पसरावे, मातीने झाकू नये, कारण त्याला उगवणीस उजेड लागतो. लार्कस्परला थंडी हवी आणि पुनर्लागण सोसत नाही. ते नोव्हेंबरमध्ये जागेवरच पेरावे. ऑक्टोबरच्या उन्हात पेरून ‘बी फुकट गेले’ म्हणणाऱ्यांचे बी पुष्कळदा चांगलेच असते.

छत्तीसगडचे शेतकरी मातीला भाटा, मटासी, डोरसा, कन्हार अशा नावांनी ओळखतात. मुरमाड भाटा पाणी धरत नाही, काळी कन्हार ते सोडत नाही. वसाहतीच्या अंगणात त्यांत बांधकामाची भरही मिसळलेली असते. एकवर्षायू फुलांना खोल माती लागत नाही. वीतभर थरात कुजलेले शेणखत मिसळून वाफा चार बोटे उंच केला की पुरते. खत फार झाले, तर झिनिया आणि कॉसमॉस पाने वाढवतात व फुले लांबवतात. कोवळी रोपे जमिनीलगत कोलमडू लागल्यास पाणी कमी करावे, विरळणी करावी आणि पुढील वेळी माती ट्रायकोडर्मा मिसळून वापरावी. फुललेल्या वाफ्यावर कीटकनाशक फवारणे टाळावे. अगदीच गरज पडली, तर निंबोळी अर्क सूर्यास्तानंतर फवारावा.

बी धरताना कोणते फूल आपले गुण राखते आणि कोणते राखत नाही, हे माहीत असावे. स्वीट पीच्या फुलात कळी उमलण्याआधीच स्वपरागीभवन होते, म्हणून त्याचे वाण शेजारीशेजारी लावूनही बहुतेक शुद्ध राहतात. झिनिया, झेंडू, कॉसमॉस यांचे पराग माश्या अंगणाबाहेरूनही आणतात; क्वार्टरांच्या रांगेत अंतर राखून शुद्धता सांभाळणे अशक्यच. एखाद्या रंगाची ओळ राखायचीच असेल, तर कळीवर मलमलीची पिशवी बांधून त्याच रंगाच्या दोन झाडांची फुले हाताने एकमेकांवर घासावीत. संकरित पाकिटातील बी पुढे विस्कटणारच. आफ्रिकन आणि फ्रेंच झेंडूच्या संकरापासून झालेल्या झाडांना तर बीच धरत नाही. ज्यांना भरगच्च झेंडू हवा आहे आणि बीही घरचे हवे आहे, त्यांच्यासाठी भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा नारंगी गेंदा’ आणि ‘पुसा बसंती गेंदा’ हे सरळ वाण उपलब्ध आहेत. तोरणाला, बाजाराला आणि मैत्रीबागेतील हिवाळी पुष्पप्रदर्शनाला भरगच्च फूलच शोभते, यात वाद नाही. त्यासाठी एक पट्टा राखावा आणि भाजीला लागून असलेल्या वाफ्यात ‘बिघडलेल्या’ पुडीतील बी पेरावे.

बी निवडताना पहिल्या बहरातील निरोगी झाडांना लोकरीचा धागा बांधून ठेवावा. हंगामाच्या शेवटी उरलेल्या खुरट्या फुलांचे बी धरण्याची सवय वाण खरोखर बिघडवते. भुरी पडलेली, पाने आखडलेली झाडे वगळावीत. तेरड्याची बोंडे फुटून बी उडते, म्हणून ती फिकट पडू लागताच काढून कागदी पिशवीत पिकू द्यावीत. झेंडूची फुले देठासह तपकिरी झाल्यावर खुडून सावलीत वाळवावीत.

साठवणीतील खरा शत्रू पावसाळा होय. बियाणेशास्त्रात हॅरिंग्टन यांच्या नावाने ओळखला जाणारा ठोकताळा असा, की बियांतील ओलावा १ टक्क्याने किंवा साठवणीचे तापमान ५ अंशांनी उतरले, की बियांचे आयुष्य साधारण दुप्पट होते. उन्हाने तापणाऱ्या भिंतीच्या कपाटातील डबा आणि फ्रिजच्या दारातील घट्ट झाकणाची बाटली यांतील फरक यावरून लक्षात यावा. बाटलीच्या तळाशी कोरडे भाजून थंड केलेले मूठभर तांदूळ कापडात बांधून ठेवावेत. चायना ॲस्टरचे बी लवकर निकामी होते. ते दरवर्षी पेरून नवे धरावे लागते.

जुन्या डब्यातील पुडीवर वर्ष लिहिलेले नसेल, तर पेरणीच्या दहा दिवस आधी वीस बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळाव्यात आणि सावलीत ठेवाव्यात. झेंडू, झिनिया चार ते सात दिवसांत मोड दाखवतात, तेरड्याला थोडे अधिक लागतात. वीसपैकी पाच-सहाच उगवल्या, तरी पुडी टाकू नये. बी तिप्पट दाट पेरावे आणि त्या हंगामाचे नवे बी धरून पुडीवर साल, रंग आणि क्वार्टरचा सेक्टर लिहून ठेवावा.