शिवराईला चिंच लावू नका

शिवराज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, पाडायला सुरुवात झालेली शिवराई पेशवाई बुडाल्यावरही दख्खनच्या बाजारात चालत राहिली. दीडशे वर्षांहून अधिक काळ ती इतक्या ठिकाणी आणि इतक्या प्रमाणात पाडली गेली, की आजही ती दुर्मीळ नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात मिळते, वाड्याच्या पडक्या भिंतीत सापडते, आणि कितीतरी घरांत देव्हाऱ्यात टाकांशेजारी ठेवलेली असते. देव्हाऱ्यातल्या शिवराईचे हाल मात्र सर्वांत वाईट. ताम्हन, पळी, पंचपात्राबरोबर दर सणाला तीही चिंच-मिठाने किंवा भांड्यांच्या पावडरीने घासली जाते. नाणे लखलखते, पण त्यावरचे अक्षर जाते.

शिवराईच्या बाबतीत अक्षर जाणे म्हणजे जवळजवळ सगळेच जाणे. ही नाणी हाताने ठोकलेली. तांब्याच्या ओबडधोबड चकतीवर ठसा ठेवायचा आणि वरून घाव घालायचा. चकती बहुतेक वेळा ठशापेक्षा लहान असे, त्यामुळे एका बाजूची ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूची ‘छत्र पति’ ही अक्षरे सहसा पूर्ण उमटतच नाहीत. ‘शिव’ कुठे ‘सिव’ होतो, ‘पति’ कुठे ‘पती’. कडेने ठिपक्यांची माळ असते, अक्षरांच्या मधे एखादी चंद्रकोर किंवा पान असते. उत्तरकाळातल्या दुदांडी शिवराईवर दोन ओळींच्या मधे दोन आडव्या रेघा असतात. नाणे कुठले आणि कधीचे, हे अभ्यासक अशाच बारीक खुणांवरून ठरवतो. या खुणा मुळात उथळ, त्यामुळे घासताना आधी त्याच पुसल्या जातात.

तांब्यावर कालांतराने आधी क्युप्राइटचा लालसर तपकिरी थर धरतो. नाणे मातीत असेल तर ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांमुळे वर मॅलाकाइटचा हिरवा थर चढतो. घट्ट, गुळगुळीत, एकसारखा तपकिरी किंवा हिरवा थर हा घाण नव्हे. तीनशे वर्षांपूर्वी ठशाने उमटवलेला पृष्ठभाग अनेकदा त्या थरातच टिकून असतो. चिंचेतले टार्टरिक आम्ल, लिंबातले सायट्रिक आम्ल आणि व्हिनेगर हा थर विरघळवतात. खाली उघडे पडते ते गुलाबी, खड्डे पडलेले कच्चे तांबे. वर मिठातला क्लोराइड त्या खड्ड्यांत जाऊन बसतो, तो साध्या धुण्याने निघत नाही.

हा क्लोराइडच खरा शत्रू. तो समुद्रकाठच्या मातीतून येतो, हाताच्या घामातून येतो आणि आपल्या मिठातूनही येतो. तांब्याशी त्याचे संयुग बनते. हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते, ते आणखी तांबे खाते आणि पुन्हा तेच संयुग तयार होते. संवर्धक याला ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात, पण तो निव्वळ तांब्यालाही होतो. फिकट हिरवे, भुकटीसारखे ठिपके दिसले आणि काडीने टोकरल्यावर ते सहज झडले, तर हेच समजावे. असे नाणे लगेच वेगळे ठेवून कोरड्या डबीत घालावे आणि संवर्धकाला दाखवावे. बेन्झोट्रायाझोलसारखी औषधे प्रयोगशाळेतच वापरायची असतात. ती विषारी आहेत, घरच्या वाटीत त्यांना जागा नाही.

मग घरी काय करावे? माती काढावी, गंज काढू नये. आधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत. मग नाणे डिस्टिल्ड पाण्यात भिजत घालावे. नळाचे पाणी नको, कारण त्यात क्लोरीन असते. पाणी रोज बदलावे. माती मऊ व्हायला कधी दोन दिवस लागतात, कधी पंधरा. मऊ ब्रशने हलक्या हाताने झटकावे, भिंगाखाली बांबूच्या टोकदार काडीने अक्षरांतली माती उचलावी. सुई किंवा तारेचा ब्रश हाती घेऊ नये. तेल, शेंदूर किंवा जुन्या चिकटपट्टीचा डिंक असेल तर शुद्ध ॲसिटोन चालते, पण खिडकी उघडी ठेवून आणि ज्योतीपासून लांब. काही जण नाणी महिनोन्‌महिने तेलात बुडवून ठेवतात. तेलातही आम्ले असतात, आणि नाण्याचा रंग बदलतो. ज्या थराबद्दल शंका वाटेल, तो तसाच सोडावा. घासून चमकवलेल्या नाण्याला जाणता संग्राहक कमी किंमत देतो, आणि ते योग्यच आहे.

पूर्ण वाळल्यावर नाणे कडेला धरूनच उचलावे. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांचे अल्बम टाळावेत. त्यांतून निघणाऱ्या द्रव्यांनी नाण्यावर चिकट हिरवट साय धरते. आम्लरहित कागदाची पाकिटे आणि घट्ट झाकणाचा डबा पुरेसा. त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहील असे पाहावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात या पुड्या वरचेवर तापवून वाळवाव्या लागतात.

आणि नाणी शेतात किंवा पाया खणताना एकत्र सापडली, तर वरचे काहीही करू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. गाडगे, फडक्याचे तुकडे, नाण्यांना चिकटलेली माती, सगळे आहे तसे राहू द्या. ती नाणी कोणी आणि केव्हा पुरली, हे त्या न धुतलेल्या ढिगावरूनच कळू शकते.