मुसीचे दोन काठ

आमच्या मंठ्याच्या घरात पत्र्याची एक जुनी पेटी आहे. आजोबांच्या पश्चात ती वडिलांकडे आली आणि वडिलांच्या पश्चात माझ्याकडे. तिच्यात दोन कागद एकाच फडक्यात गुंडाळलेले सापडले. एक हैदराबादच्या उस्मानिया दवाखान्याची चिठ्ठी, दुसरा संरक्षित कूळ म्हणून आजोबांच्या नावाच्या नोंदीचा उतारा. दोन्ही उर्दूत. मला उर्दू येत नाही. गावातल्या एका वृद्ध गृहस्थांनी ते वाचून दाखवले. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "गुरुजी, ज्या राज्यानं हे लिहून दिलं ते राज्य आता राहिलं नाही. पण कागद अजून चालतो बरं का!"

राज्य नाहीसे झाले तरी त्याचा कागद का चालतो, आणि त्याचा दवाखाना का चालत नाही, हे समजून घेण्याचा प्रयत्न मी गेली काही वर्षे करतो आहे. हा लेख त्यातूनच आला.

हैदराबादेत मुसी नदीच्या दोन काठांवर दोन भव्य इमारती समोरासमोर उभ्या आहेत. एका काठावर उच्च न्यायालय, दुसऱ्या काठावर उस्मानिया रुग्णालय. १९०८च्या महापुरानंतर शहराची नव्याने आखणी झाली, त्या काळातल्या या वास्तू. दोन्हींचा वास्तुविशारद एकच, व्हिन्सेंट एश. मराठवाड्याच्या माणसाला आयुष्यात एकदा तरी यांपैकी एका काठावर जावे लागे. मंठा तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यात होते. परतूरला मीटरगेज गाडीत बसले की थेट काचीगुडा. मुंबईला जायचे तर मनमाडला उतरून ब्रॉडगेज गाडी धरायची. रुळांची रुंदीच सांगत होती की आमची राजधानी कोणती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपले. तेलंगण आंध्र प्रदेशात गेले, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात. एका रात्रीत मुसीचे दोन्ही काठ आमच्यासाठी परराज्यात गेले.

आधी कायद्याचे पाहू. राज्य मोडले की त्याचे कायदेही मोडतात, असा सर्वसाधारण समज असतो. तसे झाले असते तर १ नोव्हेंबरच्या सकाळी मराठवाड्यातले प्रत्येक कूळ आणि प्रत्येक सावकार कायद्याविना उभा राहिला असता. फौजदारी कायद्याचा प्रश्न आधीच सुटला होता. १ एप्रिल १९५१पासून भारतीय दंड संहिता हैदराबाद राज्यालाही लागू झाली होती. पण जमिनीचे कायदे राज्याचे स्वतःचे होते. म्हणून राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या कलम ११९मध्ये एक साधी तरतूद केली गेली: जो कायदा ज्या भूभागात लागू आहे, तो सक्षम विधिमंडळ बदलेपर्यंत त्याच भूभागात लागू राहील. सीमा हलली, कायदा जागचा हलला नाही.

हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५०चे नशीब यावरून पाहण्यासारखे आहे. एकच कायदा तीन राज्यांत विभागला गेला. कर्नाटकाने स्वतःचा जमीन सुधारणा कायदा करून तो रद्द केला. तेलंगणात त्याचे नाव बदलून 'तेलंगण क्षेत्रा'चा कायदा झाला. आणि महाराष्ट्रात, म्हणजे आमच्याकडे, तो 'हैदराबाद' या नावानेच राहिला. आज महाराष्ट्रात तीन कुळकायदे आहेत: पश्चिम महाराष्ट्राला १९४८चा, मराठवाड्याला १९५०चा, विदर्भाला १९५८चा. मंठ्याहून लोणार जवळच आहे, पण ते बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे जुन्या वऱ्हाडात. माझ्या मामांची जमीन तिकडे, आमची इकडे. माती एकच, पाऊस एकच, तालुक्याची शीव ओलांडली की कायदा दुसरा. महसुलाचा कायदा १९६६च्या संहितेने एक केला. कुळांचा मात्र अजून तीन ठिकाणी आहे.

कायदा राहिला तरी तो सांगणारे न्यायालय दूर गेले. १९५६नंतर मराठवाड्याची अपिले मुंबईला जाऊ लागली. मनमाडला गाडी बदलून, मुंबईत कुणाच्या तरी खोलीवर उतरून, तारीख पडली की परत. पंचवीस वर्षे हे चालले. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले. त्यालाही आव्हान दिले गेले; १९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले आणि १९८४मध्ये खंडपीठ कायम झाले. या खंडपीठाचा आधार कोणता? त्याच १९५६च्या पुनर्रचना अधिनियमाचे कलम ५१. ज्या कायद्याने आमचे न्यायालय दूर नेले, त्याच कायद्याच्या आधाराने ते जवळ आले.

आता दुसऱ्या काठाकडे वळू. दवाखान्याला कलम ११९ नसते. मराठवाड्याचा रुग्ण १९५६नंतरही उस्मानियात जाऊ शकत होता. आपल्या देशात राज्याच्या सीमेवर पारपत्र लागत नाही. पण तो आता तिथला नव्हता. नोकरीला आणि शिक्षणाला 'मुल्की' म्हणून जो हक्क होता, तो गेला. त्याच १९५६ साली औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि 'घाटी' हे मराठवाड्याचे उस्मानिया बनले. लोकांचे पाय मात्र जुन्या वाटेने जात राहिले.

दवाखान्याची खरी सीमा पुढे आरोग्य योजनांनी आखली. आंध्र प्रदेशाने २००७मध्ये आरोग्यश्री आणली, महाराष्ट्राने २०१२मध्ये जीवनदायी, जी पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू झाली. दोन्हींचा पाया शिधापत्रिका, आणि शिधापत्रिका राज्याची.

माझा चुलतभाऊ २०१६मध्ये मुलीकडे हैदराबादला गेला असता त्याला हृदयविकाराचा झटका आला. शस्त्रक्रिया तातडीची होती. त्याची शिधापत्रिका महाराष्ट्राची, म्हणून तिथली योजना नाही. रुग्णालय तेलंगणातले, म्हणून इथली योजना नाही. उसनवारी करून शस्त्रक्रिया झाली आणि ती फेडायला एक एकर विकायचे ठरले. तेव्हा गिऱ्हाइकाने सातबारावरच्या 'इतर अधिकार' रकान्यावर बोट ठेवले. जमीन कुळकायद्याने मिळालेली, कलम ५०-बचा निर्बंध. २०१४च्या दुरुस्तीने दहा वर्षे झालेल्या जमिनीला आकारणीच्या चाळीस पट रक्कम भरली की परवानगीची गरज उरली नव्हती. हीच सवलत पश्चिम महाराष्ट्राला कलम ४३मध्ये आणि विदर्भाला कलम ५७मध्ये वेगळी लिहावी लागली होती. रक्कम किरकोळ होती. पण जमीन कुळाची कधी झाली, हे दाखवायला पेटीतला तो उर्दू उतारा बाहेर काढावा लागला. भाषांतर, फेरफार, यात चार महिने गेले. व्याज त्या चार महिन्यांचेही द्यावे लागले.

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले, तेव्हा मला आमचे घर आठवले. त्यांनीही २०१८च्या कायद्याने संघाचे कायदे आधी जसेच्या तसे ठेवून घेतले. ते त्यांचे कलम ११९च म्हणा. पण उपचारांच्या हक्कासाठी निराळा करार करावा लागला, नवे कार्ड काढावे लागले. कायदा कागदावर असतो, तो एका वाक्याने मागे ठेवता येतो. उपचार पैशावर चालतात आणि पैसा कोण देणार हे दर वेळी नव्याने ठरवावे लागते.

आपल्याकडेही हा प्रश्न संपलेला नाही. सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले योजना देण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०२३मध्ये घेतला, त्यावर कर्नाटकाने आक्षेप घेतला. २०१८च्या आयुष्मान भारत योजनेने राज्याबाहेर उपचारांची सोय मान्य केली आहे, पण ती सगळ्यांसाठी नाही. भाषावार प्रांतरचना ही आपल्या पिढ्यांनी झगडून मिळवलेली गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण सीमा आखणाऱ्यांनी जमिनीची जेवढी काळजी घेतली, तेवढी आजारी माणसाची घेतली नाही, एवढे म्हणायला हवे.

चुलतभाऊ आता बरा आहे. विकलेल्या एकराच्या बांधावरून तो रोज जातो. त्या दोन कागदांच्या मी छायाप्रती काढून घेतल्या आणि मूळ कागद पुन्हा एकाच फडक्यात बांधून पेटीत ठेवले आहेत. मुलाला सांगून ठेवले आहे, दवाखान्याची चिठ्ठी आठवणीसाठी, पण उतारा जपून ठेव. तो अजून लागणार आहे.